खुराखालचे किस्से

नव्या गोठ्याच्या उद्घाटनाचे पेढे गावभर वाटले जातात. आम्हा पशुवैद्यकांना बोलावणं येतं ते दोन-अडीच महिन्यांनी. फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं, "सायेब, गाय लंगडून राहिली. पाय मुरगळला वाटते."

मुरगळलेला क्वचितच असतो. पाय दोरीनं वर बांधायचा, शेण धुवायचं, सुरीनं तळवा हलक्या हातानं खरवडायचा. मागच्या पायाच्या बाहेरच्या नखीत, टाचेच्या जरा पुढं, रक्त साकळल्याचा लाल डाग दिसतो. मालक आठवू लागतो : काल ती गव्हाणीत चढली होती, परवा पावसात भिजली होती. पण खूर महिन्याला साधारण 5 मिलिमीटर वाढतं. आत दबून झालेली इजा तळव्याच्या बाहेरच्या थरापर्यंत यायला दीड-दोन महिने सहज जातात. म्हणून आम्ही कालची चौकशी करत नाही. विचारतो, "गाय व्याली कधी? आणि कोबा कधी घातला?" व्यायच्या सुमारास खुरातलं हाड धरून ठेवणारे धागे सैलावतात. नेमक्या त्या दिवसांत खाली सिमेंट असलं, की हिशेब लागतो.

आमचा सौंसर-पांढुर्णा पट्टा मुळात गवळाऊ गाईचा. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, पण त्याआधीपासून नागपूर, वर्धा आणि छिंदवाड्याचा हा भाग या जातीचं घर म्हणून ओळखला जातो. चपळ, हलक्या अंगाचं जनावर. दिवसभर रानात चरायचं, रात्री गोठ्यातल्या मातीवर बसायचं. आता दुधासाठी दावणीला जर्सी नाही तर एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) असते : अंगानं जड, बाराही महिने बांधलेली, आणि पायाखाली सिमेंट. जनावर बदललं, जमीन बदलली. दोघांचं एकमेकांशी जमतं का, हे कुणी पाहिलं नाही.

बाजाराच्या दिवशी एका म्हाताऱ्या नालबंदानं मला अडवलं. "बैल डांबरी रस्त्यावर चालते म्हनून त्याले नाल ठोकतो. तुमची जर्सी तर जागची हालत नाही, मंग तिचं खूर काहून झिजते?" प्रश्न बिनतोड होता. उत्तर नव्या कोब्यात आहे. ताज्या सिमेंटवर रेतीचे दाणे उभे असतात, ते कानशीसारखे घासतात. वर सिमेंटमधला ओला चुना आणि मुताची ओल, त्यात खूर मऊ पडतं. मऊ झालेलं खूर उभ्या उभ्या नुसतं वजन पालटतानाही झिजतं. यावर इलाज फुकटात होतो. गाई आत नेण्याआधी एखादा जड सिमेंटचा ठोकळा दोरीनं बांधून सगळ्या कोब्यावरून ओढायचा, मग दोन-चारदा भरपूर पाण्यानं धुवायचं. पण गृहप्रवेशाचा मुहूर्त ठरलेला असला, की ठोकळ्यासाठी कोण थांबतं?

कोब्यावर टाकायच्या मॅटचे किस्से वेगळेच. विकणारा रबराचा तुकडा हातात देतो, आपण अंगठ्यानं दाबून पाहतो आणि मान डोलावतो. गाय मात्र अंगठ्यावर बसत नाही. बसताना ती आधी पुढच्या गुडघ्यांवर येते, आणि शेवटच्या वीतभर अंतरात अंगाचं बरंचसं वजन गुडघ्यांवर आदळतं. म्हणून आमची परीक्षा एकच. मॅट जमिनीवर टाकायची आणि स्वतः धाडकन गुडघे टेकून पाहायचं. एका दुकानात मी हे करून दाखवलं, तर मागे उभं असलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "डॉक्टर सायेब नमाज पढून राहिले का?" मग त्यानंही गुडघे टेकले आणि निवडलेली मॅट परत ठेवून दिली.

मॅट टाकली म्हणजे काम संपलं असंही नाही. उतार नसेल तर मूत खाली साचतं. मॅट उचलली की वास आणि अळ्या. शिवाय मऊ जागेवर खूर कमी झिजतं, पुढं लांबत जातं, म्हणून वर्षातून दोनदा तासून घ्यावं लागतं. काहीजण गोठ्याच्या दाराशी मोरचुदाच्या पाण्याची टाकी करतात. खुराच्या संसर्गाला ते चांगलंच, पण गाई त्यात शेण टाकत राहिल्या आणि पाणी बदललं नाही, तर मोरचूद वाया जातं.

सगळ्यात बोलका किस्सा एका संत्रा बागायतदाराचा. घर बांधून उरलेली चकचकीत फरशी त्यानं गोठ्यात लावली. पाहुणे फोटो काढायचे. एक गाय लंगडते म्हणून मी गेलो, तेव्हा गाई मागचे पाय फाकवून उभ्या, दोघींची मागची खुरं तर नालीत. त्याच्या आजी म्हणाल्या, "बाप्पा, यायले बसाची भीती वाटते. रातभर उभ्याच राह्यतेत." गाईला दिवसाकाठी दहा ते चौदा तास बसायला लागतं. तेवढ्यात ती रवंथ करते, खुरांना विसावा मिळतो. घसरायच्या धाकानं बसलीच नाही, तर सगळा भार खुरांवर, तोही शेणामुताच्या चिखलात.

फरशी उखडायला मालक तयार नव्हता. शेवटी मागच्या रिकाम्या जागेत मुरूम टाकून तारेचं कुंपण घातलं, झाडाखाली पाण्याची टाकी ठेवली, आणि धारा झाल्या की गाई तिकडे मोकळ्या. आठवड्यानं त्याचा फोन : "लंगडतेच अजून." म्हटलं, नवं खूर यायला दोन महिने लागतील, घाई करू नका. तिसऱ्या महिन्यात ती गाय सरळ चालू लागली. फरशी अजून तशीच आहे. कुणी विचारलं तर तो आता म्हणतो, "फरशी पाहुण्यायले, मुरूम ढोरायले."