देवाशी उभा दावा

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर हे गाव आहे. गावातील एक जुनी बारव अलीकडे जाणकारांच्या कुतूहलाचा विषय झाली आहे. बहुतेक बारवांच्या पायऱ्या सरळ खाली उतरतात; या बारवेच्या पायऱ्या मात्र भिंतीलगत वळसे घेत, शंखाच्या आकाराप्रमाणे, पाण्याकडे जातात. काही वर्षांपूर्वी ग्रामस्थांनी गाळ उपसून ती मोकळी केली. उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याला ती दाखवायला नेले, तेव्हा नववीत शिकणारा तो मुलगा काठावर थबकला आणि म्हणाला, "मामा, हे अगदी गेममधल्यासारखं आहे. खाली नक्की कोणीतरी असुर बसलेला असणार!"

त्याच संध्याकाळी ओसरीवर एक प्रसंग घडला. पुण्याच्या घरी खेळलेल्या एका खेळाचे चित्रण तो मोबाइलवर मला दाखवत होता. पडद्यावर एक राखाडी वर्णाचा योद्धा देवांच्या राजाला ठोसे मारून ठार करत होता. शेजारी वाती वळत बसलेल्या त्याच्या आजीने डोकावून पाहिले आणि तिचा हात थांबला. "देवालाच मारू लागलास व्हय रे?" ती म्हणाली. मुलगा ओशाळला. "तो आपला देव नाही गं आजी," एवढेच त्याला सुचले. आजीचे समाधान झाले नाही. आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. देव आपला नाही म्हणून त्याला मारणे चालते, हे काही समाधानकारक उत्तर नव्हे. हा खेळ नेमके काय सांगतो आणि देवाविरुद्धच्या बंडाविषयी आपल्याकडे काय म्हटले गेले आहे, हे त्यासाठी पाहावे लागते.

सिंहासनाची लढाई

भाचा खेळत होता तो 'गॉड ऑफ वॉर' या अमेरिकी मालिकेचा २०१० सालचा तिसरा भाग. मालिका २००५ मध्ये सुरू झाली. तिचा नायक क्रेटॉस हा स्पार्टाचा सेनानी. रणांगणात मरण समोर दिसताच तो युद्धदेव एरीसला शरण जातो. एरीस त्याला विजय देतो, पण पुढे कपटाने त्याच्याच हातून त्याच्या पत्नीचा आणि मुलीचा वध घडवून आणतो. तेथून सूडाचा प्रवास सुरू होतो. पहिल्या भागात एरीस मरतो. २००७ च्या दुसऱ्या भागात देवराज झ्यूस हाच क्रेटॉसचा पिता असल्याचे उघड होते. तिसऱ्या भागात झ्यूसही मारला जातो.

ही कल्पना खेळ रचणाऱ्यांनी हवेतून आणलेली नाही. ग्रीक पुराणकथेतच क्रोनसने आपला पिता युरेनस याला पदच्युत केले आणि झ्यूसने क्रोनसला. प्रत्येक पिढीतील देव मागच्या पिढीला हटवून सिंहासनावर बसतो, हे त्या कथांचे सूत्रच आहे. क्रेटॉस ते सूत्र शेवटापर्यंत नेतो इतकेच. मात्र हा शेवट सुखाचा नाही. एकेक देव मरतो तसतशी पृथ्वी उजाड होते. समुद्र खवळतो, सूर्य झाकोळतो, रोगराई पसरते. देव ही केवळ पात्रे नव्हेत, तर निसर्गाच्या व्यवस्थेचे आधारस्तंभ आहेत, हे खेळ चित्रांतून सांगतो. २०१८ साली आलेल्या पुढच्या भागात तर हाच क्रेटॉस उत्तरेकडील देवांच्या प्रदेशात, एका लहान मुलाचा बाप म्हणून भेटतो आणि आपला सूडाचा वारसा मुलाच्या वाट्याला येऊ नये म्हणून धडपडतो.

असुर नायक होतो तेव्हा

आपल्या परिचयाच्या नावांनी हेच बंड एका जपानी खेळात मांडलेले आढळते. 'असुराज् रॅथ' म्हणजे असुराचा क्रोध, हा खेळ २०१२ मध्ये आला. असुर हा आठ देवतुल्य सेनापतींपैकी एक. उरलेले सात त्याच्याविरुद्ध कट करतात, सम्राटाच्या हत्येचा आळ त्याच्यावर घालतात, त्याच्या पत्नीचा बळी घेतात आणि मित्रा नावाच्या मुलीला पळवून नेतात. पत्नीचे नाव दुर्गा! बारा हजार वर्षांनी असुर परततो तेव्हा हे सात जण देव म्हणून पूजले जात असतात.

या खेळातील 'मंत्र' ही संकल्पना लक्षात घेण्याजोगी आहे. येथे मंत्र म्हणजे जप नव्हे, तर एक प्रकारची ऊर्जा. भाविक भोळेपणाने प्रार्थना करतात, प्राण देतात, आणि त्यांच्या प्राणांतून ही ऊर्जा देवांच्या भांडारात जमा होते. असुराचा क्रोध या व्यवस्थेवर आहे. जगाच्या रक्षणाचे कारण पुढे करून माणसांचे प्राण गोळा करणाऱ्यांना देव का म्हणावे, हा त्याचा प्रश्न. शेवटी त्याच्यासमोर उभा राहतो तो चक्रवर्ती, म्हणजे सृष्टीचा सूत्रधार. त्याचा नाश झाला की मंत्रही संपणार आणि मंत्रावर जगणारा असुरही. हे ठाऊक असूनही तो लढतो. आपल्याकडे चक्रवर्ती हा धर्माने राज्य करणारा सार्वभौम राजा. जपानी कलावंतांनी तो शब्द उलटा फिरवला आणि ज्याच्या हाती चक्र, त्यालाच जाब विचारला.

पुण्याची राजी

तिसरा खेळ आपल्या घरचा. 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने घडवला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरीही काम चालू राहिले आणि २०२० मध्ये खेळ प्रसिद्ध झाला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. राजस्थानी वास्तुकला, पहाडी लघुचित्रांची रंगसंगती आणि छायाबाहुल्यांच्या रीतीने सांगितलेली कथा ही त्याची वैशिष्ट्ये.

राजी ही डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी अनाथ मुलगी. असुरांची सेना मुले पळवून नेते, त्यांत तिचा धाकटा भाऊ गोलू असतो. महाबलासुरापासून त्याला सोडवण्यासाठी ती निघते. देव तिला त्रिशूळ देतात, विष्णूचे शार्ङ्ग धनुष्य देतात आणि वरून तिची वाटचाल पाहत तिच्याविषयी बोलत राहतात. येथे बंड करतात ते असुर. राजी देवांच्या बाजूने लढते. तरी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. राजी देवांचे राज्य वाचवायला निघालेली नाही. ती भावासाठी निघाली आहे. देव तिची निवड करतात. तिने मात्र आपले कारण आधीच निवडलेले असते.

तिन्ही खेळ शेजारी ठेवले, तर एक समान धागा दिसतो. क्रेटॉसची पत्नी आणि मुलगी, असुराची मुलगी, राजीचा भाऊ. देवाला प्रश्न विचारला जातो तो तत्त्वज्ञानाच्या पोथीतून नव्हे, तर घरातले माणूस हिरावले गेले म्हणून. खेळातील शस्त्रे, पंख, ज्वाला आणि मुकुट बाजूला सारले की आत ही तक्रार उरते.

आपल्या कथांतील बंडखोर

अशी तक्रार आपल्याकडे झालीच नाही काय? भागवतात जय आणि विजय हे वैकुंठाचे द्वारपाल सनकादिकांच्या शापाने खाली येतात. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण आणि शिशुपाल-दंतवक्र असे तीन जन्म ते देवाचे वैरी होतात आणि त्या वैरातूनच पुन्हा त्याच्यापाशी पोहोचतात. वैर हीसुद्धा अखंड स्मरणाची एक रीत आहे, असा या कथेचा आशय. 'विरोधभक्ती' हा शब्द आपल्या कीर्तनकारांनी घरोघरी पोहोचवला तो यातूनच.

लोकपरंपरा याहून पुढे गेली. वामनाने ज्याला पाताळात घातले त्या बळीचे राज्य परत येवो, अशी इच्छा दिवाळीत मराठी घरांत आजही व्यक्त होते आणि शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो. महात्मा फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त याच कथेचा नवा अर्थ लावून वामनालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. गावच्या शिवेवरील म्हसोबा हा महिषासुराशी नाते सांगणारा देव असल्याचे इतिहासकार दा. ध. कोसंबी यांनी दाखवले. आणि त्याच गावात महिषासुरमर्दिनीचे नवरात्रही बसते. कोकणातील दशावतारी नाटकात वेद पळवणारा संकासुर देवांची बिनदिक्कत थट्टा करतो आणि प्रेक्षक त्याच्यावर लोभ करतात. असुर म्हणजे केवळ वध्य, असे सोपे गणित आपल्या खेड्यांनी कधी मांडले नाही.

दोर कोणाच्या हाती?

देव खेळात येणे हेही नवे नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पाने असतात आणि दहा अवतारांचे दहा रंग. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला जाणारा मोक्षपट म्हणजे सापशिडीचाच आध्यात्मिक अवतार. तरीही २००९ मध्ये हैदराबादच्या एका संस्थेने 'हनुमान : बॉय वॉरियर' हा खेळ काढला, तेव्हा अमेरिकेतील काही हिंदू नेत्यांनी आक्षेप घेतला. भक्त आपले भवितव्य देवाच्या हाती सोपवतो. खेळात मात्र देवच खेळणाऱ्याच्या बोटांवर नाचतो, असा त्याचा रोख होता.

आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. परंतु वारकऱ्यांना विचारले, तर ते वेगळे सांगतील. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने देवाला विटेवर थांबायला सांगितले आणि देव थांबला. देव भक्ताधीन आहे, ही त्यांची श्रद्धा. याच परभणी जिल्ह्यात, गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई त्याला दळू लावते. कथा अशी की, विठ्ठल तिच्या घरी आपले पदक विसरून तिची वाकळ पांघरून गेला, चोरीचा आळ जनीवर आला आणि तिला सुळावर चढवण्याचे ठरले; शेवटी सुळाचेच पाणी झाले. देवाच्या विसराळूपणाची शिक्षा दासीला! अशी जनी आपल्या अभंगांत एकेरीवर येऊन, भांडणारी बाई अंगणात उभी राहून बोलेल तशा शब्दांत विठ्ठलाचा उद्धार करते. सतराव्या शतकात तुकोबांनी तर आपल्यापुरता देव संपला, अशा आशयाचा अभंग रचला. एवढे होऊनही त्यांच्या अभंगांना आपण पाखंड म्हटले नाही. टाळ-मृदंगाच्या साथीने ते गात आलो.

खेळातील बंड आणि हे बंड यांतील फरक येथे स्पष्ट होतो. क्रेटॉस देवाला मारतो आणि मग बोलायला कोणी उरत नाही. जनी देवाला मारत नाही, सोडतही नाही. ती त्याला उत्तर द्यायला भाग पाडते. क्रेटॉसच्या दृष्टीने देव सिंहासनावरचा धनी आहे. जनीच्या दृष्टीने तो घरचा माणूस. धन्याविरुद्ध बंड होते, घरच्या माणसाशी भांडण होते. भांडण हे नाते टिकल्याची खूण आहे.

म्हणून मुलांच्या हातून असे खेळ हिसकावून घेण्यात शहाणपण नाही, आणि ते 'नुसते खेळ' म्हणून सोडून देण्यातही नाही. वयाचा विचार अर्थातच हवा. 'गॉड ऑफ वॉर'मधील रक्तपात प्रौढांसाठी आहे, असे त्याच्या वेष्टनावरच छापलेले असते, आणि या बाबतीत आमच्या घरी चूक झाली हे मान्य केले पाहिजे. पण त्यापलीकडची भीती देव पडद्यावर मरतो याची नसावी. त्रिशूळ म्हणजे अमुक इतका घाव, चक्र म्हणजे अमुक इतका वेग, एवढाच अर्थ मुलाजवळ उरला, तर ती खरी हानी. ती टाळण्याचा उपाय बंदी हा नव्हे. शेजारी बसून तीन साधे प्रश्न विचारावेत. या नायकाची तक्रार काय? ती खरी आहे का? आणि देव मेल्यावर ती मिटली का?

त्या रात्री मी हेच प्रश्न भाच्याला विचारले. पहिल्या दोहोंची उत्तरे त्याने तत्काळ दिली. तिसऱ्यापाशी तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "नाही. त्याची मुलगी काही परत येत नाही." आजी अंथरुणावर पडली होती, पण जागी होती. "मग मारून काय मिळालं?" ती अंधारातून म्हणाली, "आमची जनी शिव्या द्यायची त्याला. पण रोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा तिच्याजवळ बसला होता आणि जनीने देवाला नेमक्या कोणत्या शिव्या दिल्या, याची तपशीलवार चौकशी करत होता.