डोळ्यांभोवतीची त्वचा कोरडी आणि नाजूक असेल तर कोणती क्रीम लावावी?

तोंड धुतल्यावर डोळ्यांखालची त्वचा ओढल्यासारखी वाटते, पापण्या खरखरीत लागतात, बारीक साल निघते आणि हौसेने आणलेली नवी क्रीम लावली की चुरचुरते. कोरेगाव तालुक्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, धूळ वाढते आणि या तक्रारी घेऊन येणारे रुग्णही वाढतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "डॉक्टर, डोळ्यांसाठी एखादी चांगली क्रीम सांगा."

थोडक्यात उत्तर

* कमी घटकांची, बिनवासाची, साधी ओलावा टिकवणारी क्रीम पुरेशी असते. ती महाग असण्याची गरज नाही.
* दोन आठवडे नीट लावूनही फरक पडत नसेल, तर त्रास बहुधा नुसत्या कोरडेपणाचा नाही. त्वचेला काहीतरी सोसत नाही, ते शोधावे लागते.
* मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेली 'खाजेची ट्यूब' डोळ्यांजवळ लावू नका. तिच्यामुळे नजर जाऊ शकते. याचे कारण पुढे सविस्तर दिले आहे.

इथली त्वचा वेगळी का असते?

पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असते. तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. तेल तयार करणाऱ्या ग्रंथीही इथे कमी असतात. त्यामुळे त्वचेतले पाणी लवकर उडून जाते आणि बाहेरून लागलेली वस्तू लवकर आत शिरते. जो साबण गालाला काही करत नाही, तोच पापणीला झोंबतो.

त्यात आपण दिवसभरात कितीतरी वेळा डोळ्यांना हात लावतो. हाताला जे लागलेले असते, ते पापणीपर्यंत पोहोचते. खाज आली की आपण चोळतो, चोळल्याने त्वचा आणखी फाटते आणि पुन्हा खाज येते. सतत चोळण्याने त्वचा जाड व काळपटही होते. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांचे हे एक नेहमीचे कारण आहे.

क्रीम घेण्याआधी कारण पाहा

पापण्यांवर लाली, खाज आणि साल असेल, तर पुढीलपैकी काही लागू पडते का ते आठवून पाहा.

*केसांचा डाय आणि काळी मेंदी.* यांत बहुतेकदा पॅराफिनिलीनडायअमीन नावाचे रसायन असते. त्याची अ‍ॅलर्जी असेल तर डाय लावल्यावर एक ते तीन दिवसांनी पापण्या सुजतात, कपाळाच्या कडेला आणि कानामागे खाज येते. मध्ये दोन दिवस गेल्यामुळे डायचा संशय येत नाही. आधी दहा वर्षे काही झाले नव्हते, म्हणून अ‍ॅलर्जी नाही असे समजू नका. ती कधीही सुरू होऊ शकते.

*नेलपेंट.* नखे आणि बोटे ठीक राहतात, पण नखांचा स्पर्श होऊन पापणीला त्रास होतो.

*काजळ, आयलायनर, वासाची पावडर, सुगंधी साबण.* सुगंधी घटक हे पापण्यांच्या अ‍ॅलर्जीचे फार नेहमीचे कारण आहे.

*डोळ्यांत घालायचे थेंब.* काचबिंदूचे काही थेंब, निओमायसिन असलेले थेंब किंवा थेंबांतले प्रिझर्व्हेटिव्ह काहींना सोसत नाही. वयस्कर माणसाच्या खालच्या पापण्या लाल होऊन साल निघत असेल तर हे ध्यानात घ्या. मात्र काचबिंदूचे थेंब स्वतःहून बंद करू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, ते थेंब बदलून देतात.

*कोंडा.* साल मुख्यतः पापण्यांच्या केसांच्या मुळाशी, भुवयांत आणि नाकाच्या बाजूला असेल, डोक्यातही कोंडा असेल, तर उपचार कोंड्याचा करावा लागतो. नुसती क्रीम लावून तो जात नाही.

*जन्मजात संवेदनशील त्वचा.* लहानपणापासून कोपराच्या व गुडघ्याच्या मागच्या घड्यांत खाज, घरात दमा किंवा सततची सर्दी-शिंका असतील, तर एक्झिमाची शक्यता जास्त. अशांना साधी क्रीम रोज आणि कायम लावावी लागते.

शेतात काम करणाऱ्यांनी गाजर गवत विसरू नये

शहरातल्या लेखांत हे कारण सहसा येत नाही. आपल्याकडे मात्र बांधावर, रस्त्याकडेला आणि पडीक रानात गाजर गवत आहेच. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात. भारतात त्याची नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि तिथून ते देशभर पसरले. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची अ‍ॅलर्जी होते. झाडाला हात लावलाच पाहिजे असे नाही. वाळलेल्या गवताचा बारीक चुरा धुळीबरोबर उडून चेहऱ्यावर बसतो.

याची ओळख अशी : वरच्या पापण्या, मान, कानामागचा भाग आणि कोपराच्या घड्या एकाच वेळी खाजतात. वर्षानुवर्षे रानात काम केलेल्या माणसांत हे जास्त दिसते. भांगलणीच्या दिवसांत त्रास वाढतो, आठ दिवस परगावी गेले की कमी होतो. पुष्कळ जण "ऊन बाधते" असे समजतात. ही अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्याच कुळातली शेवंती आणि सूर्यफूलही बाधू शकते.

अशा रुग्णाने कितीही चांगली क्रीम लावली तरी आराम तात्पुरताच मिळेल. गवत उघड्या हाताने उपटू नका आणि ते पेटवूही नका. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, तोंडाला रुमाल बांधा. रानातून आल्यावर अंघोळ करून कपडे बदला. तोच रुमाल न धुता दुसऱ्या दिवशी वापरू नका. शक्य असेल तर गवत काढण्याचे काम घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या.

क्रीमच्या लेबलवर काय पाहावे?

समोरचा फोटो आणि मोठी अक्षरे सोडा. मागची बारीक अक्षरातली यादी वाचा, किंवा घरातल्या मुलांकडून वाचून घ्या. साधारणपणे जास्त प्रमाणात असलेला घटक आधी लिहिलेला असतो.

हे असावे :

* ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक अ‍ॅसिड. हे त्वचेत पाणी धरून ठेवतात.
* सिरामाइड. त्वचेच्या पेशींमधल्या सांध्यांत जे नैसर्गिक स्निग्ध पदार्थ असतात, त्यांतला हा एक. कोरड्या त्वचेत तो कमी पडतो.
* पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन किंवा स्क्वालेन. हे वरून थर देऊन पाणी उडू देत नाहीत.

हे नसावे :

* फ्रॅग्रन्स किंवा परफ्यूम, तसेच लव्हेंडर, लिंबू, पुदिना यांची सुगंधी तेले. 'अनसेंटेड' लिहिलेल्या क्रीममध्ये वास झाकण्यासाठी सुगंधी घटक असू शकतात, म्हणून 'फ्रॅग्रन्स फ्री' शोधा.
* रेटिनॉल, ग्लायकोलिक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन सी. सुरकुत्या आणि डागांसाठीच्या क्रीममध्ये हे असतात. कोरड्या, चिडलेल्या त्वचेला ते झोंबतात. गरोदरपणात रेटिनॉल टाळावेच.
* 'गोरेपणा देणारी' असा दावा करणारी कोणतीही क्रीम.

'हायपोअ‍ॅलर्जेनिक', 'डर्मॅटॉलॉजिस्ट टेस्टेड', 'नॅचरल' हे शब्द पाहून निश्चिंत होऊ नका. नैसर्गिक वस्तूचीही अ‍ॅलर्जी होते. गाजर गवतही नैसर्गिकच आहे.

खास 'आय क्रीम' हवीच का?

नाही. छोट्या डबीतली आय क्रीम आणि चेहऱ्याची साधी बिनवासाची क्रीम यांत ओलावा टिकवणारे घटक बहुधा तेच असतात. आपल्याकडे अशा क्रीम कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत मोडतात. औषधाला जसा गुण सिद्ध करावा लागतो, तसा त्यांना करावा लागत नाही. त्यामुळे किंमत जास्त म्हणजे गुण जास्त, असे नसते.

खूप कोरडेपणा असेल तर रात्री साध्या, बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर लावून पाहा. मेडिकलमध्ये ती स्वस्तात मिळते आणि तिची अ‍ॅलर्जी फार क्वचित होते. जाड थर देऊ नका. डोळ्यांत गेली तर काही वेळ धूसर दिसते. डोळ्यांखाली पांढरे बारीक दाणे येऊ लागले, तर जेली बंद करून हलकी क्रीम वापरा.

कशी लावावी?

१. नवी क्रीम थेट डोळ्यांजवळ लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात दिवस लावा. लाली किंवा खाज आली नाही तरच पुढे जा.
२. चेहरा कोमट पाण्याने धुवा. पापण्यांवर साबण चोळू नका.
३. टॉवेलने घासू नका, हलके टिपा. त्वचा किंचित ओली असतानाच क्रीम लावा.
४. दोन्ही डोळ्यांना मिळून मुगाच्या एक-दोन दाण्यांएवढी क्रीम पुरते.
५. करंगळीशेजारच्या बोटाने, डोळ्यांभोवतीच्या हाडाच्या कडेवर हलके टेकवत लावा. पापण्यांच्या केसांच्या मुळाशी लावू नका.
६. सकाळ-संध्याकाळ असे दोन आठवडे करा. या काळात काजळ, मेकअप आणि दुसरी कोणतीही क्रीम बंद ठेवा. नाहीतर कशाने बरे वाटले आणि कशाने बिघडले, हे कळणार नाही.

घरगुती उपायांचे काय?

लिंबाचा रस डोळ्यांजवळ कधीही लावू नका. तो झोंबतो आणि त्यावर ऊन पडले तर डाग किंवा फोड येऊ शकतात. हळदीचा लेप त्वचा आणखी कोरडी करतो आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जी होते. कोरफडीचा ताजा गरही काहींना चुरचुरतो. खोबरेल तेल किंवा साजूक तूप अनेकांना सोसते. तुम्हाला वर्षानुवर्षे सोसत असेल तर थेंबभर लावायला हरकत नाही, पण ते डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि साल निघून त्वचा ओली झालेली असेल तर लावू नका. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत घरचे काजळ घालू नये.

खाजेच्या ट्यूबचा धोका

बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही स्टिरॉइड औषधे आहेत. गजकर्ण, खाज, डाग यांसाठी मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत आणि काही 'फेअरनेस' ट्यूबमध्येही ती असतात. लावल्यावर एक-दोन दिवसांत लाली जाते, त्वचा मऊ वाटते, म्हणून माणूस तीच ट्यूब पुन्हा आणतो. बंद केली की दुप्पट लाली येते, म्हणून पुन्हा लावतो. असे महिनोन्‌महिने चालते.

पातळ पापणीतून हे औषध जास्त प्रमाणात आत जाते. त्वचा आणखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात. पण मोठे नुकसान डोळ्यांच्या आत होऊ शकते. डोळ्यांतला दाब वाढतो आणि लवकर मोतीबिंदू होतो. मोतीबिंदूचे ऑपरेशन करता येते. दाब वाढून काचबिंदू झाला आणि नजरेची नस सुकली, तर गेलेली नजर परत येत नाही. सुरुवातीला दुखत नाही, दिसायलाही कमी येत नाही, त्यामुळे कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमे शेड्यूल एच खाली आणली. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. तरीही जुनी चिठ्ठी, शेजारणीची ट्यूब किंवा "मागच्या वेळी दिलेली द्या" या मार्गाने ती घरात येतात.

सौम्य स्टिरॉइड मलम कधीकधी आम्हीही पापणीसाठी देतो, पण मोजक्या दिवसांसाठी. लांबचा उपचार लागला तर टॅक्रोलिमससारखे स्टिरॉइड नसलेले मलम देता येते. तुम्ही अशी ट्यूब महिनाभर किंवा जास्त वापरली असेल, तर लाज वाटू न देता डॉक्टरांना सांगा, ट्यूब सोबत न्या आणि डोळ्यांचा दाब तपासून घ्या.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पुढीलपैकी काही असेल तर त्याच दिवशी जा :

* डोळा लाल, दुखरा, उजेड सहन होत नाही किंवा धूसर दिसते
* पापणी सुजून डोळा मिटला आहे, सोबत ताप आहे
* कपाळाच्या एकाच बाजूला, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर पाण्याचे फोड आले आहेत (ही डोळ्याची नागीण असू शकते)

पुढील गोष्टींसाठी चार-आठ दिवसांत वेळ काढा :

* दोन आठवडे साधी क्रीम लावूनही खाज आणि साल कायम आहे
* पापण्यांवर जांभळट लाली आणि सोबत जिने चढताना किंवा हात वर करताना अशक्तपणा
* सकाळी डोळे सुजलेले, अंग जड, वजन वाढलेले, भुवया विरळ (थायरॉइड तपासावे लागते)

अ‍ॅलर्जी कशाची ते कळत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या लावून साधारण ४८ आणि ९६ तासांनी पाहतात. सुई टोचावी लागत नाही.

जाताना एका पिशवीत घरातली प्रत्येक क्रीम, साबण, डाय, काजळ, थेंब आणि ट्यूब घेऊन जा. "काही विशेष लावत नाही" असे आपण सहज म्हणतो, पण अनेकदा कारण त्या पिशवीतच सापडते.