दोन रात्री झोप उडाली तर…



आमच्या पाड्यावरच्या गटात नेमके काय चालते, असे अनेक जण विचारतात. म्हणून हे लिहीत आहे.

दर दुसऱ्या बुधवारी, बाजाराच्या दिवशी, समाजमंदिराच्या ओसरीवर आठ जण जमतात. कुणाला स्किझोफ्रेनिया आहे, कुणाला बायपोलर, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी आणणारा आजार. सर्वांची औषधे डॉक्टरांकडून चालू आहेत. गट औषधाची जागा घेत नाही. आजार पुन्हा उसळण्याआधी तो स्वतः कसा ओळखायचा आणि तेव्हा काय करायचे, हे ते एकमेकांकडून शिकतात.

ही रीत आमची नव्हे. १९९७ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात मानसिक आजार भोगलेल्यांनीच एकत्र बसून अशी योजना तयार केली. मेरी एलेन कोपलँड त्यात पुढे होत्या. मी बरा असतो तेव्हा कसा असतो, बिघडण्याची पहिली खूण कोणती, तेव्हा मी काय करीन, आणि मला सांभाळता आले नाही तर कुणी काय करायचे, हे बरे असतानाच लिहून ठेवायचे. आमच्याकडे निम्म्यांना लिहिता येत नाही. म्हणून आम्ही चंद्र, गोळी, शेळी अशी चित्रे काढतो.

खूण प्रत्येकाची वेगळी. एका दादाची दोन रात्री झोप उडते. एका ताईंना भांड्यांचा आवाज सोसत नाही. एक आजोबा शेळ्या सोडायचेच बंद करतात. सुरुवातीला तासभर मीच बोलत असे (सेमिनरीत तेच तर शिकलो!). शेवटी त्या ताईच म्हणाल्या, "सर, आज आमाला बोलू द्या ना."

कठीण काळ येतो दिवाळीनंतर, कुटुंबे वीटभट्टीवर गेली की. गेल्या वर्षी हा दादा महिन्याच्याच गोळ्या घेऊन गेला. होळीला नातेवाइकांनी त्याला परत आणले आणि घरी खांबाला साखळीने बांधले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई आहे. पण त्याची आई तीन रात्री जागी होती. तिला कायदा सांगून काय उपयोग? गटातले दोघे रात्रभर त्याच्याजवळ बसले, साखळी निघाली, आणि सकाळी आम्ही त्याला रुग्णालयात नेले.

आता त्याच्या कागदावर चंद्राशेजारी फोन आहे: दोन रात्री झोप नाही, तर वहिनीने आम्हाला कळवायचे. पैसे बायकोकडे. तो लिथियम घेतो, म्हणून पाण्याचा हंडाही काढला आहे. भट्टीच्या उन्हात पाणी आणि मीठ कमी पडले तर हे औषध रक्तात वाढते. हात फार थरथरले, उलट्या-जुलाब झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. खाली टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी, मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते.

यंदा तो कागद घेऊनच भट्टीवर गेला आहे. पुढच्या गोळ्या न्यायला त्याची आई या बुधवारी येणार आहे.