चोर समुद्रावर जातो तेव्हा : एका अद्भुत उत्तरकादंबरीचा विचार

उत्तरकादंबरीपुढील मुख्य अडचण कथानकाची नसून विस्मयाची असते. चोर हा नायक असेल तर ही अडचण अधिकच बिकट होते. पहिल्या कादंबरीत त्याची हातचलाखी वाचकाला चकित करते. दुसऱ्या कादंबरीच्या आरंभी मात्र तो शेवटी निसटणार, हे वाचक गृहीत धरूनच बसलेला असतो. अमेरिकन लेखक स्कॉट लिंच यांच्या ‘रेड सीज अंडर रेड स्काइज’ (२००७) या कादंबरीने ही अडचण कशी हाताळली आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

‘द लाइज ऑफ लॉक लमोरा’ (२००६) या पूर्वकादंबरीची भूमी कामोर हे कालव्यांचे कल्पित नगर होय. अनाथ लॉक आणि त्याचे सोबती तेथे एका ढोंगी पुरोहिताच्या हाताखाली चोरीचे शिक्षण घेतात. हे शिक्षण कुलुपे फोडण्याचे कमी आणि वेष, बोली, शिष्टाचार यांचे अधिक आहे. लॉकचे खरे हत्यार म्हणजे वाणी. समोरच्या माणसाच्या मनातील हाव आणि गर्व ओळखून तो त्याला फसवतो. अखेरीस सोबती मारले जातात; लॉक आणि त्याचा मित्र जाँ टॅनन हे दोघेच नगर सोडून जातात.

उत्तरकादंबरीत हे दोघे ताल वेरार या बेटांवरील नगरात तेथील सर्वांत सुरक्षित जुगारघर लुटण्याचा बेत दोन वर्षे रचीत आहेत. मात्र नगराचा सेनाधिपती स्त्रागोस त्यांना सावकाश भिनणारे विष पाजतो आणि उतारा स्वतःच्या ताब्यात ठेवतो. त्याची मागणी एवढीच, की त्यांनी चाचे बनून समुद्रावर धुमाकूळ घालावा. समुद्र शांत असल्यामुळे नगरातील व्यापारी धुरिणांना आरमाराची गरज भासेनाशी झाली आहे. भय पुन्हा निर्माण झाले, तरच आरमाराला पैसा आणि स्त्रागोसला सत्ता मिळणार आहे. चाच्यांपासून रक्षण करणाऱ्यालाच चाचे हवे आहेत, हा उपरोध कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे.

लिंच यांनी येथे नायकाचे सामर्थ्य वाढविलेले नाही. ते ज्या भूमीवर चालते ती भूमीच काढून घेतली आहे. कॅल्ड्रिस नावाचा वृद्ध दर्यावर्दी दोघांना शिडे, दोर आणि वारा यांचे ज्ञान घाईघाईने देतो. जहाजावर मांजरे नसणे हे खलाशांच्या दृष्टीने अशुभ. नेमका हाच संकेत लॉककडून पाळावयाचा राहतो. प्रवासात कॅल्ड्रिस मरण पावतो, नव्या कप्तानाचे अज्ञान उघडे पडते आणि खलाशी बंड करून दोघांना होडीत सोडून देतात. माणसाला भुलविता येते, वादळाला भुलविता येत नाही. वाचकाचा हरवलेला विस्मय या पराभवातून परत येतो.

त्यांना वाचविणारी झमीरा द्राकाशा ही खरी चाची आहे. तिच्या जहाजावर तिची दोन लहान मुले वावरतात, लुटीचे वाटे ठरलेले असतात आणि पकडलेल्या माणसालाही कष्टाने आणि जोखीम पत्करून खलाशांत स्थान मिळविता येते. याउलट एका अभिजन वसाहतीत गरिबांना पटावरील सजीव सोंगट्या बनवून धनिक त्यांची विटंबना पाहत करमणूक करून घेतात. हे दोन समाज शेजारी ठेवले की लुटारू कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. मराठी वाचकाला तो अपरिचित नाही. सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्या दृष्टीने दस्तकाशिवाय फिरणारे जहाज पकडणे हा सत्तेचा अधिकार होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या लेखी तीच चाचेगिरी होती. अर्थात आंग्रे राज्याचे अधिकारी होते, द्राकाशा कोणाचीच नाही. मात्र ‘चाचा’ हा शब्द वर्णनापेक्षा निवाडा अधिक करतो, हे दोन्हीकडे दिसून येते.

कादंबरीत दोष नाहीत असे नाही. जुगारघराचा बेत आणि समुद्रकथा यांचा सांधा सैल आहे. जाँ लॉकवर शस्त्र रोखतो तो आरंभीचा प्रसंग दीर्घ उत्कंठा निर्माण करतो. त्याचा उलगडा मात्र एका न दिसलेल्या खुणेवर आटोपतो.

शेवट मात्र या उणिवा भरून काढतो. दोन वर्षांच्या खटाटोपाने मिळविलेली चित्रे नकला ठरतात, फसविणारेच फसतात. उताराही एकाच माणसापुरता उरतो. समुद्रावर आपली प्रेयसी गमावलेला जाँ तो घेण्यास कधीच तयार झाला नसता, हे ओळखून लॉक तो नकळत त्याच्या पेयात मिसळतो आणि स्वतः विष अंगात बाळगून राहतो. ज्या कपटकौशल्याने तो आयुष्यभर घेत आला, त्याच कौशल्याने तो येथे देतो. नायकाच्या गुणाचा विस्तार करण्यापेक्षा त्याची दिशा पालटून दाखविणे, हे उत्तरकादंबरीचे अधिक कठीण कार्य होय. आणि याच ठिकाणी ही कृती पूर्वकादंबरीची केवळ पुनरावृत्ती होण्यापासून वाचली आहे.