तार कोणती, जवारी कशी? महिला भजनी मंडळासाठी तंबोरा निवडताना

भोर आणि वेल्ह्याकडच्या गटांत बचतीची बैठक उरकली की टाळ बाहेर निघतात, हे तुम्हाला सांगायला नको. काही मंडळांनी आता स्वतःचा तंबोरा घ्यायचं मनात आणलंय. त्या खरेदीत काय बघायचं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आधी एक प्रश्न. तंबोरा कशाला? पेटी आहे, पखवाज आहे, भागतंय की! पण बघा, देवळातलं भजन बहुधा पुरुषांच्या पट्टीत चालतं, म्हणजे काळी एक, काळी दोन. त्या पट्टीत बायकांनी खाली गायलं तर आवाज निघत नाही, वर गायलं तर ओरडावं लागतं. तासाभरात घसा बसतो. मग आपण म्हणतो, "आमचा आवाजच चांगला नाही." आवाज चांगला असतो, पट्टी आपली नसते.

म्हणून पहिलं काम दुकानात नाही, बैठकीत करायचं. पेटी घ्या. सगळ्यांना पाठ असलेला एक अभंग पांढरी चारपासून काळी पाचपर्यंत एकेक पट्टी चढवत म्हणून बघा. ज्या पट्टीत खालचा पंचमही लागतो आणि वरच्या षड्जाला मान ताणावी लागत नाही, ती तुमची पट्टी. बहुतेक महिला मंडळांची ती काळी चारच्या आसपास निघते. वहीत लिहून ठेवा.

आता तारा. तंबोऱ्याला चार तारा असतात. पहिली मंद्र पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात, आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. तार जाड, लांब किंवा सैल असेल तर सूर खाली जातो. बारीक, आखूड किंवा ताणलेली असेल तर वर जातो. म्हणून पुरुषांचा तंबोरा मोठा आणि त्याच्या तारा जाड, तर बायकांचा, ज्याला जनानी म्हणतात, तो लहान आणि तारा बारीक. जनानी तंबोऱ्याला बहुधा पहिल्या तीन तारा पोलादाच्या आणि खर्जाची पितळेची असते. पोलाद ताण सोसतं. पितळ जड असतं, त्याचा खर्ज भरदार लागतो, पण जास्त ताणलं की तुटतं. मर्दानी तंबोरा स्वस्तात मिळतोय म्हणून घेतला आणि पिळून काळी चारला चढवला, तर तारा तुटतील आणि दांडीवरही ताण येईल.

तारेवर जो नंबर असतो, तो उलटा वाचायचा. नंबर मोठा तितकी तार बारीक. नुसतं "तंबोऱ्याची तार द्या" म्हणू नका. पट्टी सांगा, कितवी तार ते सांगा आणि जुन्या तारेचा तुकडा सोबत न्या.

तिसरी गोष्ट जवारी. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात जाड चार तारांची गिटार असते, तिला बेस गिटार म्हणतात. काही वादक पायाशी एक छोटी डबी ठेवतात. पायाने दाबली की सूर मुद्दाम खरखरीत, जाडसर होतो. डबी विजेच्या लहरीचे शेंडे छाटते, त्यामुळे मूळ सुरात वरचे सूर मिसळतात. तिला डिस्टॉर्शन पेडल म्हणतात. आपल्याकडे तारेचा सूर असा भरण्याचं काम विजेशिवाय, एका दोऱ्यावर होतं. तार ज्या घोडीवर टेकते, तिचा माथा किंचित उतरता घासलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवला की एका जागी तार घोडीला हलकीच घासत राहते, आणि सूर मधमाशीसारखा गुणगुणत लांबतो. हीच जवारी. दोरा अगदी थोडा मागे-पुढे सरकवत ती जागा शोधायची. कितीही सरकवला तरी तार ठणठणच वाजत असेल, तर घोडीवर खाच पडलेली असू शकते. ती कारागिराकडूनच घासून घ्यायची. घरी कानस लावू नका.

हे कारागीर आपल्यापासून फार दूर नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत शिकलगार घराणी पिढ्यान् पिढ्या तंतुवाद्यं बनवतात. मूळचा धंदा हत्यारांना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून ते सतार-तंबोऱ्याकडे वळले. भोपळे येतात पंढरपूर भागातून. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याच्या गायिका हिराबाई बडोदेकर यांचा जन्मही मिरजेचाच, १९०५ सालचा.

घेताना एवढं तपासा. एकेक तार छेडून शेवटपर्यंत ऐका, चारही तारांची गुणगुण सारखी हवी. दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघा. भोपळ्याला चीर नको. खुंट्या पिळल्यावर जागेवर राहिल्या पाहिजेत. तारांचा एक जादा संच मागून घ्या आणि पुढे जवारी कोण काढून देणार, तेही विचारा. दोन-तीन ठिकाणची दरपत्रकं घ्या, ठराव लिहा, पावती मंडळाच्या नावाने करा. गटाची कर्जाऊ फिरणारी रक्कम यात घालू नका. त्यासाठी वेगळी वर्गणी काढा.

आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते. तेव्हा तंबोरा भिंतीला टेकवून ठेवू नका, चुलीजवळही नको. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा, घामाने पोलाद गंजतं. उन्हाळ्यात खुंटी घसरली तर तिला थोडा खडू चोळा. तारा बदलताना एकेक बदला, चारही एकदम काढू नका.

कार्यक्रमात माईक असेल तर आवाज हळूहळू वाढवा. यंत्रावरचा लाल दिवा लागायला लागला की आवाज फाटतो, आणि जवारीची मेहनत वाया जाते.

आणि पैसे जमेपर्यंत? मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप मिळतं, त्यात तुमची पट्टी लावता येते. महिनाभर त्यावर गाऊन बघा. पट्टी पक्की ठरली की मगच मिरजेला किंवा पुण्याला जा. दुकानदाराने "कोणत्या पट्टीचा हवा?" असं विचारलं, तर उत्तर तुमच्या वहीत लिहिलेलं असू द्या.