सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक प्रथा सुरू केली. सायंकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. करोनाकाळात शाळाच मोबाईलवर भरली; शाळा उघडल्या तरी ती सवय सुटेना, हे त्यामागचे कारण.

आमच्या घरी भोंगा कुठला? घड्याळ पाहूनच मी हे खूळ सुरू केले. हात सारखा खिशाकडे जाई. बातम्या बुडाल्या म्हणून बाबा चिडले, ते वेगळेच! तिसऱ्या दिवशी आजी म्हणाली, “अरे, डाव्या कानानं मला ऐकू येत नाही, इकडून बोल.”

“कधीपासून?”

“झालं असेल वर्ष.”

आता सातला मी तिच्या उजवीकडे बसतो.