मोहाच्या उत्पन्नाचे वाटेकरी

शहापूर-मुरबाडच्या रानात फाल्गुन-चैत्रात पानगळ झालेला मोह रात्री फुलतो, आणि त्याच्या मांसल, शर्करायुक्त फुलांच्या लोभाने येणारी वटवाघळे परागसिंचनाची चाकरी नकळत बजावून जातात. पहाटे पुंकेसरांसह दलपुंज तेवढा गळतो. बीजांडकोश देठावरच राहतो, म्हणून ठाकर-कातकरी बायांनी टोपलीभर फुले वेचली वा भेकराने खाल्ली, तरी फळधारणेस बाधा येत नाही. (असा चोख हिशेब महसुली दप्तरातही क्वचितच आढळावा!) पुढे पावसाळ्याच्या तोंडाशी पिकलेली फळे वटवाघळे दूर नेतात आणि त्यांतल्या काही बिया तेथेच रुजतात. वेचणी सोपी व्हावी म्हणून झाडाखालचा पाला पेटवला, तर मात्र कोवळी रोपे जळतात. तेव्हा पाला झाडून काढावा, जाळू नये.